मातीखालचे कंदील

१

नागोरावांची सगळी नोकरी जमिनीखाली गेली. राजूरच्या कोळसाखाणीत पहिल्या पाळीला उतरायचं तेव्हा बाहेर धड उजाडलेलं नसायचं, आणि वर यायचं तेव्हा ऊन असं डोळ्यांत घुसायचं की गेटपर्यंत मान खाली घालूनच चालावं लागायचं. त्यामुळेच असेल, निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या जागेत बाग लावली आणि दिवसभर तिथेच रमायला लागले. लिंबू, कढीपत्ता, मोगऱ्याची रांग, कुंपणाला कण्हेर. दुपारी दूरच्या खुल्या खाणीत सुरुंग उडाला की खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि पानांवर काळी भुकटी बसायची. नागोराव संध्याकाळी पाइप घेऊन एकेक पान धुवायचे. त्यांची बायको सत्यभामा म्हणायची, पोरीचं तोंडसुद्धा या माणसानं कधी इतक्या मायेनं धुतलं नसेल.

पोर म्हणजे उर्वशी, त्यांची एकुलती एक लेक. वणीच्या एका शाळेत शिकवायची. तिचं लग्न दारव्ह्याच्या प्रफुल्लशी ठरलं आणि हळद घरीच, बागेत करायची असं तिनंच ठरवलं. तिनं बापाला मोबाइलवर एक फोटो दाखवला. कुठल्याशा बागेत झाडांच्या फांद्यांना मातीचे कंदील टांगलेले होते. भाजलेली लाल माती, तिला पानांच्या आकाराची जाळी कापलेली, आणि त्या जाळीतून भिंतीवर, जमिनीवर उजेडाची पानं पडलेली.

"लायटिंगच्या माळा नाही लावाच्या, बाबा," ती म्हणाली. "असे कंदील पायजेत."

नागोराव शोधाला लागले. वणीच्या बाजारात दिवाळीचं सामान केव्हाच माळ्यावर गेलेलं. कुंभारानं हात वर केले. वैशाखात माठांतूनच डोकं वर निघत नाही म्हणाला. यवतमाळला एका मोठ्या दुकानात होते, पण ते प्लास्टरचे, वर लाल रंग दिलेला. शेवटी उर्वशीनं मोबाइलवरून मागवले. खोकं आलं, उघडलं, तर आत नुसत्या खापऱ्या. तिनं त्या खापऱ्यांकडे थोडा वेळ पाहिलं आणि राहू द्या म्हणाली. रडली असती, चिडली असती तर नागोरावांना काही वाटलं नसतं. तिचं ते शांतपणे म्हटलेलं 'राहू द्या' मात्र त्यांच्या मनातून जाईना.

२

मांडवाच्या बल्ल्या रोवण्यासाठी ते सकाळी लिंबाच्या झाडाजवळ लोखंडी सब्बलीनं खड्डा घेत होते. ऊन अजून वर आलेलं नव्हतं. सब्बल कशावर तरी लागली आणि ते थांबले. दगडावर लागली तर आवाज कोरडा येतो. हा आवाज आतून आला होता, रिकाम्या भांड्यातून यावा तसा.

त्यांनी बसून हातानं माती बाजूला केली. आधी एक गोल कडी दिसली, मग घुमटासारखा माथा, मग पानांची जाळी. हातभर उंचीचा मातीचा कंदील होता तो. टवकासुद्धा उडालेला नाही. फोटोतल्यासारखा होता म्हणावं, तर त्याहून देखणा.

नागोराव कितीतरी वेळ तो मांडीवर घेऊन बसून राहिले. मग त्यांनी स्वतःला समजावलं की इथे पूर्वी कुंभारांची वस्ती असेल, भट्टी असेल. जमिनीत काय काय निघतं. हे मनाला पटलं, आणि पटल्यावर त्यांनी लेकीला हाक मारली.

उर्वशीनं तो नळाखाली न्यायच्या आधी उन्हाला उलटा करून आत पाहिलं. सत्यभामेला ते आवडलं नाही. कोणाची वस्तू, कधीची वस्तू, ऐन लग्नकार्यात घरात कशाला आणायची, असं ती म्हणत होती. उर्वशीचं तिकडे लक्ष नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "याच्यात माती नाही गेली."

नागोरावांनी पाहिलं. खरंच होतं. बाहेरून कंदील काळ्या मातीनं लडबडलेला होता, पण जाळीतून आत एक कणही शिरलेला नव्हता. आत छोटी वाटी होती आणि वाटीत कापसाची वात. पांढरीशुभ्र, कोरी, कधीच न पेटलेली.

३

दुसरा कंदील त्याच संध्याकाळी निघाला. तिसऱ्यासाठी फारसं शोधावं लागलं नाही, कारण ते ओळीत होते. लिंबापासून कुंपणाकडे सरळ रेषेत, आणि प्रत्येक पुढचा आधीच्यापेक्षा जरा खोल. सगळे उभे ठेवलेले. कोणी फेकून दिले असते तर आडवे पडले असते, फुटले असते, हे नागोरावांच्या लक्षात येत होतं. पण कंदील निघाला की उर्वशी मांडी घालून तो धुवायला बसायची, आणि तिच्याकडे पाहिलं की बाकीचे विचार मागे पडायचे. पहाटे आणि दिवस कलल्यावर ते खणत राहिले. मांडवासाठी घेतलेल्या खड्ड्याचा चर झाला. चराचं पलीकडचं टोक कमरेइतकं खोल गेलं.

भावसिंग चहाला आला तेव्हा तो चराच्या काठावर उभा राहून बराच वेळ बघत होता. भावसिंग त्यांचा खाणीतला जोडीदार. दोघांनी बरोबर नोकरी केली, बरोबर सोडली. त्यानं खाली उतरून चराच्या तळाला हात लावला आणि म्हणाला, की हा तर उतार आहे, आपल्या खाणीच्या तोंडाशी असतो तसा.

खाण इथून कुठल्या कुठे आणि कितीतरी खोल, असं नागोराव म्हणाले.

"मी खाणीचं नाही म्हणून राह्यलो," भावसिंग म्हणाला. "तुमी वाती पाह्यल्या काय?"

पाहिल्या होत्या. पाहूनही मनावर घेतल्या नव्हत्या. पहिल्या कंदिलाची वात कोरी होती, दुसऱ्याचीही. त्यानंतरच्याचं टोक किंचित करपलेलं होतं. त्याखालच्यात काजळी होती, आणि आज निघालेल्यात वाटीच्या तळाला तेल ओलं होतं.

"म्हणजे कोणीतरी खालून लावत लावत वर येऊन राह्यलं," भावसिंग म्हणाला आणि हसला. नागोरावही हसले. मग दोघांनी बशीतला चहा संपवला आणि लग्नाच्या जेवणाचं बोलत बसले. जाताना भावसिंग मागच्या दारानं, बागेतून जायचा. त्या दिवशी तो घरातून फिरून पुढच्या दारानं गेला.

४

शेवटचा कंदील हळदीच्या दिवशी पहाटे निघाला. नागोराव छातीइतक्या खोल खड्ड्यात उभे होते. कंदिलाला हात लागला आणि त्यांनी तो मागे घेतला. कंदील गरम होता.

वैशाख आहे, जमीन तापते, असं त्यांनी मनाशी म्हणून पाहिलं. पण आजूबाजूची माती थंडगार होती. त्यांनी दोन्ही हातांनी कंदील उचलला. वातीतून धुराचा एक बारीक धागा निघत होता, नुकतीच फुंकर मारून विझवावी तसा.

कंदिलाच्या मागे, खड्ड्याच्या भिंतीत, ताटाएवढं भोक होतं.

त्यांनी वाकून पाहिलं. काळोख होता. खाणीतल्या हवेचा वास त्यांच्या अंगात मुरलेला होता. सडलेल्या लाकडाचा, बारुदीचा, साचल्या पाण्याचा. यातला एकही वास तिथे नव्हता. आतून वास येत होता ओल्या हळदीचा. घरात सत्यभामा हळद कालवत असेल, असं त्यांना वाटलं. वारा मात्र घराकडून येत नव्हता.

मग तो आवाज आला. थप. थोडं थांबून पुन्हा थप.

हा आवाज काय आहे हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. ऐन उमेदीत एकदा खाणीच्या गॅलरीत, म्हणजे आतल्या बोगद्यात, त्यांच्या डोक्यावरचा दिवा गेला होता. सोबतचे पुढे निघून गेलेले. खाणीतला अंधार घरातल्या अंधारासारखा नसतो. त्यात आपला हातसुद्धा आपला वाटत नाही. ते भिंतीवर तळहात मारत, थोपटत, एकेक पाऊल सरकत आले होते. थप, थप. भिंत आहे याची खात्री करत. वळणावर भावसिंगचा दिवा दिसला तेव्हा ते लहान मुलासारखे रडले होते.

तोच आवाज आता खालून येत होता. कोणाच्या तरी वाटेवरचे दिवे त्यांनी एकेक करून उचलले होते, आणि ते जे कोणी होतं ते आता अंधारात चाचपडत होतं.

कंदील होता तिथे परत ठेवावा, हे त्यांच्या मनात आलं. त्यांनी तो खाली टेकवलाही. तेवढ्यात वरून उर्वशीचा आवाज आला. ती केस मोकळे सोडून काठावर बसली होती. निघाला काय, असं विचारत तिनं हात पुढे केला. नागोरावांनी कंदील तिच्या हातात दिला. तिनं तो गालाला लावला.

"गरम काहून आहे, बाबा?"

"उन्हानं तापला असंन," ते म्हणाले. सूर्य अजून उगवायचा होता.

त्यांनी भोकावर फळी टेकवली, फळीला दगड लावला आणि वर आले. खड्डा बुजवायला वेळ नव्हता. उजाडलं की बाहेरगावचे पाहुणे यायला लागणार होते.

५

संध्याकाळी दिवस मावळता मावळता कंदील लागले. असं दृश्य राजूरमध्ये कोणी पाहिलेलं नव्हतं. लिंबाच्या, कढीपत्त्याच्या फांद्यांना कंदील टांगलेले. जाळीतून पडलेली उजेडाची पानं बायकांच्या पांढऱ्या साड्यांवर, भिंतीवर, मोगऱ्यावर हलत होती. आलेला प्रत्येक जण जयभीम घालून आधी कंदिलांकडेच बघत उभा राहायचा. चौरंगावर उर्वशी बसली होती. हिरव्या बांगड्या, पिवळी साडी, गालांना आणि कोपरापर्यंत हातांना हळद. तिच्याकडे पाहताना नागोरावांना वाटलं, आपण जागे आहोत की पहाटे डोळा लागतो तेव्हाचं काही पाहतो आहोत.

बायका गाणं म्हणत होत्या. हळदीचं गाणं, संथ, एक ओळ पुन्हा पुन्हा येणारं. नागोराव पाहुण्यांना पाणी देत फिरत होते. एका कंदिलापाशी ते थांबले. ज्योत आडवी झाली होती. वाऱ्याची झुळूक नव्हती. अंगाला घाम चिकटत होता. त्यांनी दुसरा कंदील पाहिला, तिसरा पाहिला. सगळ्या ज्योती एकाच बाजूला वाकलेल्या होत्या, खड्ड्याच्या बाजूला.

खाली हवा ओढली जाते आहे, हे त्यांना समजलं. हवा ओढली जायला खाली मोठी मोकळी जागा लागते, हेही त्यांना समजलं.

ते हातातला तांब्या ठेवून कुंपणाकडे गेले. खड्ड्याच्या काठाशी गाणं थोडं वेगळं ऐकू येत होतं. आधी त्यांना वाटलं भिंतीवरून आवाज परत येतोय. पण परत येणारा आवाज मागाहून येतो. हे गाणं बायकांच्या जरासं पुढे होतं. ओळ आधी खालून यायची, मग वरच्या बायका ती म्हणायच्या.

गाण्याच्या मध्ये मध्ये फळीवर थप. आता अगदी जवळ.

नागोराव माणूस घाबरट नव्हता. तरी त्यांच्या जागी दुसरा असता तर फळीवर आणखी दगड लोटून मोकळा झाला असता. तसं त्यांना जमेना. अंधारात अडकलेल्या माणसाला उजेड द्यायचा नाही, हे त्यांना कधीच कोणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी जवळच्या फांदीवरचा एक कंदील काढला, खड्ड्यात उतरले आणि फळी बाजूला केली.

भोक आता ताटाएवढं नव्हतं. माणूस वाकून येईल एवढं झालं होतं.

६

त्यांनी कंदील आत धरला. आतून एक हात आला. तो हात कंदिलाला लागला नाही. आधी नागोरावांच्या बोटांना लागला. बोटांवरून मनगटावर, मनगटावरून कोपराकडे, थोपटत थोपटत, भिंतीचा अंदाज घ्यावा तसा वर सरकला. मग परत खाली येऊन त्यानं कंदिलाची कडी धरली. उजेडात नागोरावांना हात दिसला. हिरव्या बांगड्या होत्या आणि कोपरापर्यंत हळद होती.

त्यांनी वळून पाहिलं. उर्वशी चौरंगावर होती. मावशी तिच्या कपाळाला हळद लावत होती आणि ती हसत होती. त्यांना बरं वाटलं. त्या क्षणी दुसरं काही वाटायला जागाच नव्हती.

"बाबा," भोकातून आवाज आला. "एकच?"

आवाज ओळखीचा होता. नागोराव वर आले आणि दुसरा कंदील काढून आणला. मग तिसरा. पाहुणे आधी बघत राहिले, मग आपापसांत कुजबुजायला लागले. गाणं विस्कळीत होऊन थांबलं. खालचं थांबलं नाही, पण ते वरच्यांपैकी कोणाला ऐकू आल्यासारखं दिसलं नाही. सत्यभामा पुढे आली, नवऱ्याचा दंड धरला आणि हळू आवाजात विचारलं, की लोकांसमोर हे काय चालवलंय.

"ज्याचे हायेत त्याले देऊन राह्यलो," नागोराव म्हणाले. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि दंड सोडला.

प्रत्येक कंदिलागणिक बागेतला उजेड कमी होत होता आणि भोकातला वाढत होता. आता आत डोकावलं असतं तर दूरवर दिसलं असतं. नागोरावांनी डोकावलं नाही. नजर खाली ठेवून ते हात पुढे करायचे, आणि तो हात दर वेळी आधी त्यांचा हात चाचपायचा. एकदाच त्यांची नजर चुकून आत गेली. उताराच्या दोन्ही बाजूंना माणसं बसली होती. पांढऱ्या कपड्यांत, रांगेनं, मांडवात बसावी तशी. सगळ्यांनी माना वर करून भोकाकडे पाहिलं होतं, नवरी यायची वाट पाहतात तसं. त्यांनी डोळे मिटले.

शेवटचा कंदील चौरंगापाशी होता. तो उर्वशीनंच उचलला होता. ती घेऊन आली, खड्ड्याच्या काठावरून खाली उतरली आणि बापाच्या शेजारी उभी राहिली.

"तुमी थकले, बाबा. आणा, मी देतो."

नागोरावांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. ती तोवर गुडघ्यावर बसली होती. तिनं कंदील पुढे करून आत पाहिलं. तिच्या तोंडावर उजेडाची पानं हलत होती. ती घाबरली नाही. आरशात स्वतःला पाहून माणूस जरासं हसतो, तशी हसली.

मग कंदील विझला.

बागेत एकदम काळोख झाला. कोणीतरी लाइटचं बटण कुठे आहे विचारलं, कोणाचा तरी पाय भांड्याला लागला. नागोरावांनी पोरीला धरायला हात पसरले आणि त्यांच्या हाताला आधी माती लागली, मग बांगड्या. भिंतीवरचा बल्ब लागला. उर्वशी त्यांच्या समोर उभी होती आणि साडीची माती झटकत होती. मागे खड्ड्याची भिंत सलग होती, काळी, ओली. भोक नव्हतं. फळी एका बाजूला पडलेली होती.

"चला," ती म्हणाली. "भूक लागली."

७

लग्न दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलवर झालं. चांगलं झालं. कोणी कंदिलांचा विषय काढला नाही. नागोरावांच्या वयाच्या माणसाला लेक जाताना काहीबाही होतं, असं लोक धरून चालले. प्रफुल्ल शांत, भला मुलगा दिसत होता. भावसिंग जेवायला बसला, पण नवरा-नवरीला भेटायला स्टेजवर गेला नाही.

निघायच्या वेळी गाडी हॉलसमोर उभी राहिली. ऊन रणरणत होतं. उर्वशी आईच्या गळ्यात पडून रडली, मग बापाकडे वळली. नागोरावांनी हात पुढे केला.

तिनं तो लगेच धरला नाही. तिचा तळहात आधी त्यांच्या बोटांना लागला. बोटांवरून मनगटावर, मनगटावरून कोपराकडे, थोपटत थोपटत वर आला, आणि परत खाली येऊन त्यांचा हात धरला. भर दुपारी, डोळे उघडे असताना.

"येतो, बाबा," ती म्हणाली.

नागोराव तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले. डोळे उर्वशीचेच होते, फक्त उन्हानं मिचकत होते, पहिल्यांदाच वर आलेल्या माणसाचे मिचकावे तसे. प्रफुल्लनं तिला सांभाळून गाडीत बसवलं. गाडी दारव्ह्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ते हात तसाच पुढे धरून उभे होते.

संध्याकाळी पाहुणे पांगले. सत्यभामा दमून पडली होती. नागोराव बागेत आले. खड्डा अजून तसाच होता. ते त्यात उतरले आणि भिंतीला कान लावला.

थप. थोडं थांबून पुन्हा थप. खूप खाली.

ते वर गेले, स्वयंपाकघरातून एक पणती पेटवून घेतली, दुसऱ्या हातात सब्बल घेतली. खड्ड्याच्या तळाशी पणती ठेवली, ज्योत सरळ उभी राहीपर्यंत थांबले. मग भिंतीशी तोंड नेऊन त्यांनी लेकीला नावानं हाक मारली.

खालून लगेच ओ आली.